पंधराच्या वर नाही

दस्तगीर, तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलाच आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाकडं बोलू नये म्हणतात, पण मला ते काही जमत नाही. येणारा-जाणारा जो तो माझ्याजवळ बसतो, उसासा टाकतो आणि म्हणतो, "लई गुणी माणूस हुता मिस्त्री. असा फिटर सोलापुरात दुसरा न्हाय." मी मान हलवतो. गुणी होतास, कबूल. पण त्या गुणी माणसाबरोबर पाच महिने एका गोठ्यात काढून बघा म्हणावं, मग बोला. डोकं उठवलंस माझं. आणि आता त्याच गोठ्यात जाऊन बसलो तर दहा मिनिटं बसवत नाही.

लिहिणं हे काही माझं काम नव्हे. मी ड्रायव्हर माणूस. सातवी झालेला, म्हणून अक्षर बरं आहे, एवढंच. तुला तर मराठी वाचता येत नव्हतं, सहीसुद्धा उर्दूत करायचास. "मग कुणासाठी लिवताय?" असं आमची नीलव्वा दारात उभी राहून विचारत होती. तिला म्हटलं, बोलून बघितलं, आवाज फुटत नाही. चहा ठेवून गेली. तो निवलाय.

तर पहिल्यापासून सांगतो. तुला ठाऊकच आहे सगळं, पण एक गोष्ट मी तुला खोटी सांगितली होती, ती आता खरी सांगायची आहे.

अकरा वर्षं मी कापसाच्या शेटजींची गाडी चालवली. चार सिलिंडरची, उघड्या टपाची, जुनी पण रुबाबदार. त्या दिवशी शेटजी नातेपुत्याला खरेदीला गेले होते आणि संध्याकाळी सोलापुरात त्यांच्या मेव्हण्याच्या घरी लग्नकार्य होतं. उशीर झाला. "मल्लप्पा, हाण. मुहूर्त चुकला तर तोंड दाखवायला जागा नाही." मी हाणली. मोहोळ सोडलं तेव्हा इंजिनातनं टकटक ऐकू आली. मला कळलं होतं काय आहे ते. तरी हाणली. सोलापूर चार मैलांवर असताना असा काही आवाज झाला की शेटजी 'शिव शिव' म्हणत रस्त्याच्या कडेला उतरले. मुहूर्त चुकलाच. महिन्याभरात त्यांनी नवी गाडी घेतली, गाडीबरोबर नवा ड्रायव्हर घेतला, आणि मला म्हणाले, "ही ब्याद तूच ने घरी." अकरा वर्षांच्या नोकरीचा तोच काय तो निरोप.

ब्याद बैलांनी ओढत बाळीवेशीत घरी आणली. म्हैस विकल्यापासून गोठा रिकामा होता, त्यात ढकलली. सगळी आळी बघायला आली. दुसऱ्या दिवशी तू आलास. मिलमध्ये तेव्हा पाळ्या कमी केल्या होत्या, तुला आठवड्यातले निम्मे दिवस घरीच बसावं लागत होतं. तालमीत एकाच मातीत लोळलेलो आपण, मी बोलावलंच पाहिजे असं काही नव्हतं. पायजमा दुमडलास, गाडीखाली शिरलास, इंजिनाच्या खालचा तेलाचा डबा सोडवलास आणि बाहेर आणून उन्हात धरलास. तळाशी बेरिंगचा पांढरा धातू वितळून गोळे होऊन पडला होता.

"तेल कुटं गेलं रे?"

"वाटंत दगड लागला खालून," मी म्हटलं. "गळालं असंल."

तू डबा उलटा केलास. बोटं फिरवलीस. कुठं पोचा नव्हता, चीर नव्हती. माझ्याकडे बघितलंस, आणि नुसतं "हं" म्हणालास.

दगड लागला नव्हता, दस्तगीर. नातेपुत्याहून निघताना तेलाची कांडी काढून बघायची असते, ती मी बघितली नाही. शेटजी घाई करत होते हे खरं, पण कांडी बघायला कितीसा वेळ लागतो? अकरा वर्षं रोज बघत होतो, त्याच दिवशी नाही बघितली. हे तुला तेव्हाच कळलं होतं. पाच महिन्यांत शंभर वेळा भांडलास माझ्याशी, पण हा शब्द एकदाही काढला नाहीस. एकदा काढला असतास तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्यास, मी मान खाली घातली असती, मिटलं असतं. तू न बोलल्यामुळे ती गोष्ट माझ्या अंगात राहिली आणि पुढे जे झालं त्यात तिचा हात आहे, असं मला वाटतं.

"हुतंय नीट," तू म्हणालास. "नवीन धातू वतू. पिस्टनच्या कड्या म्हमईवरनं मागवू. आन् मग मंद्रूप-सोलापूर सर्विस चालू करू. तू चालव, मी बघतो. पन मी सांगतो तसं करायचं."

मी हो म्हटलं. चूक केली!

तीन बल्ल्यांची तिवई उभी केलीस, मिलमधनं मोडीतली कप्पी आणलीस, दोरानं इंजिन वर उचललंस. नीलव्वाची भांडी एकेक करून गोठ्यात गेली. परातीत रॉकेल ओतून नटबोल्ट धुतले. लोखंडी पळी धातू वितळवायला घेतलीस तेव्हा ती माउली कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता ह्याच्यातच फोडणी करू व्हय मी?" तू शेगडीवरनं मान वर न करता म्हणालास, "वहिनी, ह्याच्यात फोडणी केली तर मल्लप्पाची बी टकटक बंद हुईल." ती हसली. माझ्यावर हसायला तुम्हा दोघांना कारण लागायचं नाही.

धातू तापला की नाही हे बघायला तुझ्याकडे काही यंत्र नव्हतं. कडब्याचं वाळलेलं चिपाड त्यात बुडवायचास. लगेच काळं पडलं की ओतायचा. पेटलं तर जास्त तापला, थांबायचं. मिलमधल्या कुठल्याशा म्हाताऱ्यानं शिकवलं म्हणायचास. मी चिपाडं सोलून द्यायचो. ड्रायव्हर होतो मी, शेटजींच्या गाडीचा! आणि गोठ्यात बसून चिपाडं सोलत होतो.

पण खरा छळ पुढे होता. इंजिनाचा मधला दांडा ज्या बेरिंगांत फिरतो, ती हातानं खरवडून बरोबर बसती करायची. दांड्याला रंगाचा पातळ हात द्यायचा, बेरिंग आवळायचं, दांडा दोनदा फिरवायचा, पुन्हा उघडायचं. जिथं रंग लागला ती जागा उंच. तेवढीच खरवडायची, कानशीच्या तुकड्याची धार करून केलेल्या खुरपणीनं. मग पुन्हा रंग, पुन्हा आवळ, पुन्हा फिरव. सगळ्या बेरिंगला सारखा रंग लागेपर्यंत. मिलमधनं निळ्या रंगाची पुडी आणली होतीस, ती तीन दिवसांत संपली. मग तू स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन घसा खाकरलास.

"वहिनी, काजळ हाय का?"

"यव्वा! कुणाला घालताय? गाडीला दिष्ट लागली काय?"

"गाडीलाच घालायचं हाय."

एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट उपडं घालून ती रोज काजळ धरायला लागली. सकाळी डबी भरून द्यायची, दुपारी ती संपायची. महिनाभर असं चाललं. तिनं स्वतः लावायचंच सोडलं, म्हणाली पुरत नाही. आपल्या दोघांच्या मात्र बोटांना, गालांना, कपाळाला काजळ. आळीतल्या बाया फिदीफिदी हसायच्या.

तिसरं बेरिंग तू माझ्याकडनं चार वेळा करून घेतलंस. दर वेळी मी घाम पुसत म्हणायचो, "बघ." तू उन्हाकडे धरून बघायचास, परत द्यायचास आणि एकच शब्द, "पुन्हा." चौथ्यांदा म्हणालास तेव्हा मी खुरपणी भिंतीवर मारली. "इंजिन हाय का तुझ्या पोरीचा निकाह हाय? चार ठिकानी लागत न्हाय एवढंच की! चालतंय!" तू शांतपणे खुरपणी उचललीस, धार बघितलीस. "ह्या येळेला न्हाय चालत," म्हणालास. 'ह्या येळेला.' मागच्या वेळेचं नाव नाही. मी उठून निघून गेलो. दोन दिवस गोठ्याकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी तू दारात उभा, हातात घरनं रहिमतभाभीनं दिलेली शेंगाचटणी. "चल," म्हणालास. गेलो. तोपर्यंत ते बेरिंग तू पूर्ण करून ठेवलं होतंस आणि त्याबद्दलही काही बोलला नाहीस. तुझ्या या न बोलण्याचा मला फार जाच व्हायचा रे.

न बोललेली एक गोष्ट माझ्याकडेही आहे. तुझा चहाचा कप आमच्याकडे वेगळा होता. बाहेरच्या कोनाड्यात. आई असताना ठेवलेला, तो तसाच राहिला. तू यायचास, कोनाड्यातनं काढायचास, पिऊन झाला की विसळून परत ठेवायचास. शेटजींच्या इंजिनाचा तुकडा न् तुकडा नीलव्वाच्या परातीत धुतला आपण, आणि तुझा कप कोनाड्यात. मला दिसत होतं. उद्या सांगू नीलव्वाला, असं म्हणता म्हणता राहिलं. तू गेल्यावर तिनं तो घरात आणला आणि आता त्याला कुणी हात लावत नाही.

इंजिन बसवून झालं त्या दिवशी हँडल फिरेना. इतकं घट्ट बसलेलं. मी लटकलो, तू लटकलास, आळीतले दोन पैलवान लटकले. मग तू शेजारच्या तुकारामाची बैलजोडी पुढे जुंपलीस. मी स्टिअरिंगवर बसलो, गाडी गिअरात घातली, बैलांनी ओढली. वीस पावलं नुसती घरघर. आणि मग एकदम धाड्! धुराचा लोट आणि इंजिन चालू. बैलांना वाटलं मागनं काही तरी जनावर आलं. जे उधळले ते थेट वेशीकडे, दोर तसाच बांधलेला, मागे गाडी, गाडीत मी, माझ्या मागे तू आणि तुझ्या मागे तुकाराम शिव्या देत. "ब्रेक मार! ब्रेक!" तू ओरडत होतास. पण हसत होतास. तोंड एवढं उघडं टाकून हसताना तुला मी पाच महिन्यांत तेवढंच एकदा बघितलं. त्याबद्दल देवाचे उपकार मानतो, आणि त्या बैलांचेही.

मग पाचशे मैलांचं व्रत सुरू झालं. नवं बांधलेलं इंजिन लगेच पळवायचं नाही, भाग एकमेकांत रुळेपर्यंत हळू चालवायचं, हे मलाही माहीत होतं. पण तुझं हळू म्हणजे काय! "पाचशे मैल. पंधराच्या वर न्हाय. माणूस बसवायचा न्हाय, वझं न्हाय."

"पंचवीस तरी?"

"पंधरा. आतली माणसं अजून एकमेकाला वळखत न्हाईत. वळख हुस्तवर दमानं. जोरात हाणलीस तर तापतंय, धातू वितळतोय, आन् पाच महिने पाण्यात."

रोज सकाळी विजापूर वेशीतनं बाहेर पडायचं, सीना नदी ओलांडून मंद्रूपला जायचं, झाडाखाली इंजिन निवू द्यायचं आणि परत यायचं. सोळा मैल तिकडे, सोळा इकडे. तू शेजारी बसायचास, नजर वेगाच्या काट्यावर. काटा सोळाला टेकला की माझ्या मांडीवर थाप. रस्त्यावरच्या लोकांची करमणूक झाली. शेळ्या हाकणारी म्हातारी सुद्धा विचारायची, "गाडी आजारी हाय का बाबा?" मला लाज वाटायची. चाळीसनं गाडी चालवलेला माणूस मी. पण माझ्या लाजेच्या वर एक गोष्ट होती. हे इंजिन एकदा मी मारलं होतं. तू ते जिवंत केलंस आणि मला कधी बोलला नाहीस. मग तू पंधरा म्हणालास की माझी जीभ उचलायची नाही.

चारशे वीस मैल झाले होते. मंद्रूपचा बाजार होता त्या दिवशी. ऊन मी म्हणत होतं. तू बाजारात भजी खाल्लीस, मी नको म्हणत असताना. झाडाखाली येऊन बसलास आणि थोड्या वेळानं छातीवर हात चोळायला लागलास. कपाळावर घामाचे थेंब. म्हटलं, काय होतंय? "भजी बाधली. वायू धरलाय." ओवा मागितलास. चघळलास. तोंडाचा रंग काही बरा दिसेना. गावातल्या वैद्याला बोलावतो म्हटलं तर हात झटकलास. "घरी चल."

मागच्या बाकावर आडवा झालास. पाच महिन्यांत पहिल्यांदा तू मागे आणि काट्यावर नजर ठेवायला शेजारी कुणी नाही.

"दस्तगीर, जरा जोरात घेऊ?"

"नक्को. पंधरा."

मंद्रूपची वेस सोडली आणि मी पाय दाबला. काटा वीस, बावीस, पंचवीस. तुझे डोळे मिटलेले होते, मी वळून बघितलं होतं. पण कान उघडे. "मल्लप्पा, पाय काढ."

"अरे पन तुला बरं न्हाय की!"

"वायू मला झालाय. इंजिनाला न्हाय झाला." मग दम खाऊन पुन्हा, "पंधरा."

मी पाय काढला.

का काढला रे? चोवीस दिवस हाच एक प्रश्न घेऊन बसलोय. तू सांगितलंस म्हणून? तर तू सांगतोस ते सगळं मी कुठं ऐकत होतो? भजी नको म्हणालो होतो, ते तू तरी कुठं ऐकलंस? वायूच आहे असं वाटलं म्हणून? वाटलं खरं. पण तुझ्या ओठांचा रंग मी बघितला होता, आणि तो वायूचा नव्हता, हेही मला आतनं कळत होतं. जशी मोहोळाजवळची टकटक कळली होती. तेव्हा कळूनही मी हाणली होती आणि इंजिन गेलं होतं. या खेपेला मी शहाणा झालो होतो. या खेपेला मी काटा पंधरावर धरला.

सीना ओलांडली तेव्हा तू काही बोलत नव्हतास. झोप लागली, बरं झालं म्हटलं. तिथून पुढच्या उताराला, मागे कडब्याची पेंढी बांधलेला एक सायकलवाला आपल्याला मागे टाकून पुढे गेला. वळून हसला, "ड्रायवर, ढकलू का मागनं?" आणि मी हसलो. तुला सांगायला मागे बघणार होतो, मग वाटलं, नको उठवायला. दस्तगीर, त्या हसण्याचं मी काय करू?

सरकारी दवाखान्यात तुला आत नेलं. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. छातीला नळी लावली, डोळे उघडून बघितले, मनगट धरलं आणि सोडलं. "जरा आधी आणायला हवं होतं," म्हणाला. मी विचारलं, "किती आधी?" तोपर्यंत तो दुसऱ्या खाटेकडे गेला होता. कदाचित सगळ्यांनाच तसं म्हणत असेल. कदाचित तू सीना ओलांडायच्या आधीच गेला होतास. मला काही कळायला मार्ग नाही. परत जाऊन विचारायचा धीर होत नाही.

रहिमतभाभीला सांगायला मीच गेलो. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "भाई, रस्ते में कुछ बोले क्या उनो?" मी काय सांगणार? म्हटलं, "तुमचं नाव घेतलं भाभी. पोरींचं घेतलं." तिनं पदरानं डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "झूट नक्को बोलो भाई. गाडीकाच कुछ तो बोले होंगे." आणि रडता रडता हसली. मला हसू आलं नाही. तेव्हा मला तिला सगळं सांगून टाकायचं होतं, पंधराचं, सायकलवाल्याचं. तसाच उठून घरी आलो.

नीलव्वाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "दस्तगीरअण्णांचंच ऐकलं की तुमी. त्यात तुमचं काय पाप?" मग चूल फुंकता फुंकता पुन्हा म्हणाली, "जोरात आणलं असतं आन् इंजिन वाटंत फुटलं असतं तर? भर उन्हात तितंच बसला असता दोघं. मग काय केलं असतं?" खरंच होतं तिचं. चारशे वीसच मैल झाले होते. तूच म्हणायचास, वितळतंय. वितळलं असतं तर तू रस्त्यात गेला असतास आणि मी दोनदा गुन्हेगार झालो असतो. त्या एका शब्दावर मी वीस दिवस तग धरला. फुटलं असतं. मिस्त्री सांगतोय म्हणजे फुटलंच असतं. सकाळी उठलो की मनाशी म्हणायचो, जेवताना म्हणायचो.

मग वाटलं, बघून येऊ.

परवा सकाळी कुणाला न सांगता गाडी काढली. नीलव्वाच्या भावाचं घड्याळ मागून घेतलं होतं. मंद्रूपला गेलो, पंधरानंच. त्याच झाडाखाली उभी केली, निवू दिली. तेलाची कांडी बघितली, दोनदा बघितली. मग घड्याळ बघितलं आणि निघालो. तीस. पस्तीस. चाळीस. खडीचा रस्ता, गाडी नुसती उडत होती. सगळं लक्ष कानात. आणि खरं सांगतो, ऐक. मला ते मोडायला हवं होतं. वडकबाळच्या उतारावर मी मोठ्यानं ओरडत होतो, "फूट! फूट की आता!" तुझं पाच महिन्यांचं काम, भाभीच्या पोरींचा उद्याचा घास, माझा घास, सगळं त्या इंजिनात होतं आणि मी ते फुटावं म्हणून हाणत होतो. एक टकटक ऐकू आली असती तर तिथंच गाडी थांबवून तुझ्या नावानं मोकळा रडलो असतो. तू बरोबर होतास, मी बरोबर होतो, झालं गेलं संपलं.

काही ऐकू आलं नाही. वेशीत शिरताना लोक बाजूला पळाले. दवाखान्याच्या दारात गाडी उभी करून घड्याळ बघितलं. बत्तीस मिनिटं. त्या दिवशी आपल्याला सव्वा तास लागला होता. उतरलो, इंजिनावर हात ठेवला. गरम होतं, जेवढं असायला पाहिजे तेवढंच. कान लावून बसलो. दारातला चौकीदार म्हणाला, "पेशंट कुटं हाय?"

तुझं चुकलं, दस्तगीर. आपल्या सगळ्या वादांत हा एकच मी जिंकलो आणि तो मला नको होता. चार वेळा 'पुन्हा' म्हणून घासून घेतलेली बेरिंगं, पाच महिने लावलेलं डोकं, आणि शेवटी तुलाच तुझ्या हाताचा भरवसा नव्हता. मला तरी असायला हवा होता. मी बघितलं होतं तू ते कसं बांधलंस ते.

इंजिनाला काहीही झालं नाही रे.